गेजची बोटं

फाउंड्रीत त्याला सगळे गेज म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण हाक मारायला ते कुणी वापरत नसे. गेज म्हणजे मोजमाप तपासायचं अवजार. ओतीव लोखंडाचा भाग साच्यातून निघाला की त्याच्या कडेला नखासारखी धार राहते, कुठे फुगवटा राहतो, कुठे बारीक कंगोरा. ग्राइंडरनं ते सगळं घासून सपाट करायचं, हे त्याचं काम. घासून झालं की बाकीचे अवजार लावून बघत. हा हातमोजा काढायचा, मधलं बोट कडेवरून हळूच फिरवायचा आणि म्हणायचा, "इथं अजून आहे." अवजार लावावं तर नेमकं तिथंच असायचं.

एकदा एका नव्या इंजिनिअरला ते खरं वाटेना. त्यानं आपल्या डोक्यातला एक केस उपटून कागदाखाली ठेवला. गेजनं डोळे मिटून कागदावर बोट फिरवलं, केस दाखवला, आणि दुसरा उपटू नका म्हणून सांगितलं, आधीच उरलेत थोडे. त्या इंजिनिअरनं पुढं नोकरी सोडली, पण ती गोष्ट खात्यात राहिली.

एकतीस वर्षं गेजनं हेच केलं. ग्राइंडिंगच्या खात्यात गप्पा नसतातच. कान झाकलेले, तोंडावर मास्क, डोळ्यांवर काच, आणि आवाज असा की शेजारचा बोंबलला तरी नुसतं तोंड हललेलं दिसावं. आठ तास ज्याचा तो. हातातलं यंत्र घुमत असतं. त्याचा थरथराट तळव्यातून मनगटात आणि मनगटातून कोपरापर्यंत चढतो, आणि सुट्टी झाल्यावर यंत्र खाली ठेवलं तरी हात आपला घुमतच राहतो. नव्या माणसाची त्यानं झोप उडते. जुना माणूस कानाडोळा करतो.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी सायकलवरून कामावर पोचेपर्यंत त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं पांढरी पडली. फिकट नव्हे, पांढरी. मेणबत्तीसारखी. पेराशी रेघ मारल्यासारखी हद्द होती, अलीकडे त्याचं बोट आणि पलीकडे भलत्याचंच. त्यानं ती काखेत धरली, मग नळाच्या कोमट पाण्याखाली धरली. वीस मिनिटांनी रक्त परत आलं तेव्हा बोटं लालभडक झाली आणि अशी आग सुटली की त्यानं भिंतीला डोकं टेकलं. आत कुणी येतंय असं वाटल्यावर त्यानं हात पुसले, मोजे चढवले आणि कामाला लागला.

त्यानंतर हे दर थंडीच्या दिवशी होऊ लागलं, आणि मग थंडी नसतानाही बोटं बधिर राहू लागली. खिशात किल्ली आहे की नाही हे हात घालून कळेना, खिसा उलटा करून बघावं लागे. शर्टाची बटणं तर वैऱ्यासारखी झाली. घरी बायको असती तर तिच्या लक्षात आलं असतं. पण ती तीन महिन्यांपासून लेकीकडे होती. लेकीचं पहिलंच बाळंतपण, त्यात अशक्तपणा, आणि जावयाची फिरतीची नोकरी. जायच्या आधी तिच्यासमोर त्याच्या हातून दोन पेले फुटले होते. साबणानं निसटले, असं तो म्हणाला होता. ती गेल्यावर कारण सांगायची गरजच उरली नाही. शर्टाचं फक्त वरचं बटण मोकळं ठेवायचं आणि बनियनसारखा तो डोक्यातून चढवायचा आणि तसाच काढायचा, हे त्यानं शोधून काढलं. घरात दोन खोल्या, एक खिडकी, एक खुर्ची वापरातली आणि एक नुसतीच. फुटक्या कपांचे तुकडे तो कागदात गुंडाळून लांबच्या कचराकुंडीत टाकून यायचा, जणू कुणी मोजायला बसलं होतं.

बाळ झालं. नात. बायकोनं फोनवर दाखवली. त्या छोट्या पडद्यावर त्यानं पाहिलं, लेकीनं बाळ जावयाच्या हातात दिलं तेव्हा त्याची मान कशी एका बाजूला कलली, आणि जावयानं बोटांनी ती कशी अलगद सावरली. बोटांनीच.

मंगळवारी फाउंड्रीला सुट्टी असे. दर सोमवारी बायको विचारी, उद्या येताय ना. दर सोमवारी तो काहीतरी सांगे. जादा काम आहे, सर्दी आहे, बाळाला लागेल. पाचव्या वेळी तिनं विचारलं नाही. तिनं एवढंच सांगितलं की लेक रडली, आणि बाबांना मुलगा हवा होता का असं तिनं आईला विचारलं. तो म्हणाला, काहीतरीच काय. ठेवते, म्हणून तिनं फोन ठेवला.

याच सुमारास पंपाचे सहा भाग गिऱ्हाइकाकडून परत आले. आतल्या कडेला कंगोरा राहिला होता. त्यावर रबराची चकती बसवली की कापली जायची, आणि पंप गळायचा. सहाही भाग गेजच्या हाताखालून गेले होते आणि सहांवरही त्यानं "झालं" म्हणून खडूची खूण केली होती. त्याची खूण असली की पुढची तपासनीस बाई अवजार लावायची नाही, इतका भरवसा. खात्याचे साहेब रागावले नाहीत. हसले. त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले की आता चष्मा लागला वाटतं बोटांना. आजूबाजूचे दोघंतिघंही हसले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

पाळी संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत तो मागं राहिला. सगळे गेल्याची खात्री केली. डोक्यातला एक केस तोडला. तोही दोन चिमटींत सुटला, तिसऱ्यांदा आला. कागद फळीवर अंथरला, केस त्याखाली सरकवला, डोळे मिटले आणि मधलं बोट फिरवलं. मग दुसरं फिरवलं. मग डाव्या हाताची. डोळे उघडून केस नेमका कुठं आहे ते पाहिलं आणि बोट त्याच्यावर ठेवलं, तरी खाली काही नव्हतं. कागदही नव्हता म्हणा. नुसतं एक दाबल्यासारखं.

*

पुढच्याच आठवड्यात फाउंड्रीत डॉक्टरीणबाई आली. थरथरणारी यंत्रं वापरणाऱ्या प्रत्येकाचे हात तपासायचे, असा वरून हुकूम निघाला होता. तिनं कचेरीच्या मागच्या खोलीत टेबल मांडलं. गेजचा नंबर तिसऱ्या दिवशी होता, आणि ते दोन दिवस तो जिवावर आल्यासारखा जेवला. ग्राइंडर काढून घेतला तर आपण कोण, हे त्याला कळत नव्हतं. बोट गेलेला गेज म्हणजे काय.

खोलीत शेगडी होती, बरं वाटलं. डॉक्टरीणबाई त्याच्या लेकीपेक्षा थोडी मोठी असेल. तिनं आधी मूठ आवळायचं यंत्र दिलं. त्यानं दात ओठ खाऊन आवळलं. मग एक फळी पुढं केली, तिला भोकं, आणि वाटीत लहान खुंट्या. एकेक खुंटी उचलून भोकात घालायची, ती घड्याळ लावणार. खुंट्या वाटीतच घोळत राहिल्या. एक खाली पडली. ती उचलायला तो वाकला आणि फरशीवरून ती काही चिमटीत येईना, तेव्हा तिनंच ती उचलून ठेवली.

शेवटी तिनं नायलॉनचा बारीक तंतू काढला. डोळे मिटा, बोटाला लागला की "हो" म्हणा, एवढंच.

त्यानं डोळे मिटले. पहिल्यांदा काही लागलं नाही. पण तिच्या कोटाची बाही टेबलाला घासल्याचा बारीक आवाज झाला. त्यानं "हो" म्हटलं. परत बाही घासली. "हो." त्यातला ताल त्यानं पकडला. आयुष्यभर इतक्या आवाजात काढलेल्या माणसाला एवढीशी खसखस ऐकू येत होती, याचंच त्याला नवल वाटलं. हो, थोडं थांबून हो, परत हो. छान चाललं होतं.

"काका, डोळे उघडा," ती म्हणाली.

त्यानं उघडले. तंतू टेबलाच्या पार कडेला पडला होता, आणि तिचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते.

"शेवटच्या पाच वेळा मी हात लावलाच नाही."

गेज भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला.

ती रागावली नाही. तिनं त्याचे हात उताणे करून बघितले, आणि सांगितलं ते सरळ सांगितलं. यंत्राच्या थरथराटानं बोटांतल्या बारीक नसा गेल्यात आणि रक्तवाहिन्या आखडतायत. यंत्र सोडलं तर पांढरं पडणं कमी होईल, कदाचित थांबेल. संवेदना गेली ती बहुतेक गेली. हात गरम ठेवायचे, सिगारेट ओढत असाल तर बंद. आणि आजपासून ग्राइंडर नाही, तसं ती लिहून देणार होती. त्यानं मान हलवली. मग तिनं एक जुनी फाइल पुढं ओढली.

फाइलमध्ये तिला एक कोडं पडलं होतं. एवढी वर्षं खातं चालू, आणि या दुखण्याची एकही नोंद नाही. एकच तक्रार होती, आठ वर्षांपूर्वीची, तीही खोटी ठरवलेली. तिनं कागद वाचून दाखवला. सहकाऱ्याचं म्हणणं असं होतं की या कामानं हातांना काही होत नाही, तक्रार करणारा थंडीचं निमित्त करून काम टाळतो. खाली सही. ती लागत नाही, वाचता येत नाही, म्हणाली.

"कुणाची आहे, सांगता येईल?"

"नाही," गेज म्हणाला.

खोटं बोलण्याची त्या दिवसातली ही दुसरी वेळ. या वेळी पकडायला कुणी नव्हतं. सही त्याचीच होती.

*

तक्रार करणारा म्हणजे लांब्या. उंची अशी की ग्राइंडिंगच्या टेबलाशी तो कायम कमानीसारखा वाकलेला. गेजच्या शेजारचं टेबल त्याचं. बोलता येत नसे त्या आवाजात लांब्या हातवाऱ्यांनी नकला करायचा. साहेब कसे चालतात, कॅन्टीनवाला चहात पाणी कसं घालतो. मास्कच्या आत हसून हसून गेजची काच धुकटून जायची. तेरा वर्षं दोघांनी एका डब्यात खाल्लं.

मग लांब्याची बोटं पांढरी पडायला लागली आणि तो सरळ कचेरीत गेला. साहेबांनी गेजला बोलावून घेतलं. हे प्रकरण वर गेलं तर सगळी यंत्रं बंद होतील, चाळीस माणसं घरी बसतील, तू जुना आहेस, तुझ्या शब्दाला वजन आहे. कागद तयारच होता. गेजनं सही केली. लांब्याला झाडलोटीच्या कामावर टाकलं, आणि दोन महिन्यांत तो स्वतःच निघून गेला. जाताना सगळ्यांशी बोलला. गेजच्या टेबलापाशी थांबला, त्याच्या हातांकडे बघितलं, आणि गेला.

चाळीस माणसांसाठी केलं, असं गेज इतकी वर्षं स्वतःला सांगत आला होता. डॉक्टरीणबाईच्या खोलीतून परत आल्यावर, ग्राइंडर जमा करून, रिकाम्या हातांनी टेबलाशी बसला असताना त्याला ते पुरेना.

सोमवारी बायकोचा फोन आला तेव्हा त्यानं सांगितलं की उद्या एकाकडे जायचंय. कुणाकडे, हे तिनं विचारलं नाही.

लांब्याचा पत्ता त्यानं तपासनीस बाईकडून मिळवला. लांब्या एका मोठ्या लाँड्रीत कामाला होता. तिथं हॉस्पिटलांच्या चादरी यायच्या. गेज पोचला तेव्हा मागचं दार सताड उघडं होतं आणि आतून वाफेचा उबारा येत होता. आत जाताच त्याची बोटं सैल झाली, आणि त्याला एकदम समजलं की लांब्यानं हीच नोकरी का धरली.

लांब्या लांबलचक टेबलाशी उभा होता. केस पिकले होते, कमान तशीच. चादरीचं एक टोक हनुवटीखाली धरून तो एकट्यानंच घडी घालायची खटपट करत होता. त्यानं वर बघितलं. ओळख पटली हे दिसलं. पण त्यानं चादर सोडली नाही, ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही.

गेजनं पुढं होऊन चादरीची दुसरी दोन टोकं उचलली.

घडी घालायला माणसं दोनच लागतात, आणि काम सोपं आहे. टोकाला टोक जुळवायचं, ताणायचं, समोरासमोर यायचं, द्यायचं. पहिली चादर झाली. दुसरीला गेजच्या उजव्या हातातलं टोक सुटून खाली गेलं आणि त्याला कळलंच नाही. तो रिकामी चिमूट घेऊन लांब्यापर्यंत चालत आला. लांब्यानं त्या चिमटीकडे बघितलं. मग वाकून टोक उचललं, गेजच्या मुठीत पूर्ण गुंडाळून दिलं आणि म्हणाला, "चिमटीत धरू नको. मुठीत धर."

आठ वर्षांनी तो गेजशी बोलला ते हे.

दोनतीन चादरी तशाच झाल्या. मग लांब्यानं विचारलं, "कधीपासून?"

"दोन हिवाळे झाले." गेजनं टोक मुठीत घट्ट धरलं. "नाही. खरं सांगतो. करंगळीला मुंग्या आधीपासून होत्या. तू कचेरीत गेलास तेव्हाही होत्या. मला माहीत होतं तू खरं बोलतोयस."

"आणि?"

"आणि मी घाबरलो. तुझं खरं ठरलं असतं तर माझंही खरं ठरलं असतं."

मशीनच्या ढोलात कपडे गरगरत होते. लांब्यानं चादर ताणली, जुळवली, ढिगावर ठेवली, वरून हात फिरवला. दुसरी घेतली. गेज आपला टोक धरून उभा. निदान दोन शिव्या तरी येतील, याची तो वाट बघत होता.

"हातांचं मला एवढं नव्हतं रे," लांब्या शेवटी म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "पण तुझी सही बघितल्यावर मलाच वाटायला लागलं की मी खोटं बोलतोय. गेज म्हणतोय काही नाही, म्हणजे नसेलच. घरी बायकोनं एकदा विचारलं, खरंच दुखतात का हो तुमचे हात? मी तिला हात दाखवले, तर त्या दिवशी ऊन होतं. चांगले लाल होते."

"माफ कर," गेज म्हणाला.

"माफी ठेव तुझ्याकडं. लिहून दे."

ढीग संपेपर्यंत गेज थांबला. निघताना लांब्यानं ओल्या चादरींची गाडी पुढं ढकलली आणि वाट मोकळी करून दिली.

*

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत गेज कचेरीमागच्या खोलीत गेला आणि डॉक्टरीणबाईकडे कागद मागितला. पेन धरता येईना. तिनं पेनाला पट्टीचा कापूस गुंडाळून ते जाडजूड करून दिलं. मी लिहू का, तुम्ही सांगा, असं ती म्हणाली. तो नको म्हणाला. सहा ओळी लिहायला त्याला पूर्ण सुट्टी लागली आणि डबा तसाच राहिला. आठ वर्षांपूर्वीचं म्हणणं खोटं होतं, हे आपल्याला तेव्हाच ठाऊक होतं, तक्रार खरी होती, आणि त्या वेळी आपल्याही हाताला मुंग्या येत होत्या. खाली त्यानं सही केली. डॉक्टरीणबाईनं ती सही पाहिली, जुना कागद काढून शेजारी ठेवला, आणि दोन्हींकडे बघत राहिली.

"त्या दिवशी मी नाही म्हणालो," गेज म्हणाला. "माझीच आहे."

ती म्हणाली, "आज ती लागतेय. तेव्हापेक्षा हळू केलीत."

त्या कागदाचं पुढं जे व्हायचं ते झालं. वरून माणसं आली, यंत्रांना मोजमापाची उपकरणं लावली. जुने ग्राइंडर निघाले, कमी थरथरणारे नवे आले, आणि एका माणसानं दिवसात किती वेळ यंत्र धरायचं याची पाटी भिंतीवर लागली. चाळीस माणसांतलं कुणी घरी बसलं नाही. पण पाळ्यांची उलथापालथ झाली आणि त्याचं खापर गेजवर फुटलं. साहेब त्याच्याशी कामापुरतं बोलू लागले, मग तेही चिठ्ठीवर आलं. खात्यातले काही जण त्याला बघून मूग गिळून बसत. एकदोघांनी मात्र, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, त्याच्यापुढं स्वतःची बोटं धरली आणि विचारलं, हे तसंच आहे का रे? तो निरखून बघायचा आणि सांगायचा, डॉक्टरीणबाईला दाखव, आणि तिच्यासमोर डोळे मिटल्यावर खरं बोल.

त्याला लाकडी साच्यांच्या कोठारात टाकलं. तिथं यंत्र नव्हतं, माणूसही नव्हतं. छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर साचे, प्रत्येकाला नंबर. कुणी चिठ्ठी आणली की तो साचा काढून द्यायचा, परत आला की जागेवर लावायचा. दिवसात सातआठ चिठ्ठ्या. एवढ्या शांततेची सवय नसल्यानं पहिले काही दिवस त्याचे कान दुखले. गेज अशी हाकही बंद पडली. तिथं हाक मारायला होतंच कोण.

एका सोमवारी त्यानं आपण होऊन बायकोला फोन लावला. हाताचं सगळं सांगितलं, कप किती फुटले तेही. लांब्याचं सांगितलं. सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "म्हणून येत नव्हतात?"

"पाडीन म्हणून."

"आणि मी इथं लेकीची समजूत घालत बसले. तुझ्या बापाला मनच नाही, म्हणून मी सांगितलं तिला. मी." ती थांबली. "मला का नाही सांगितलंत? हातांचं काय ते बघितलं असतं आपण. पण मला का नाही?"

या वेळी त्यानं कारण बनवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो गेला. चार तासांचा प्रवास, हातात लोकरीचे मोजे. लेकीनं दार उघडलं. तिला आईनं सांगितलेलं दिसत होतं, कारण ती काही न विचारता त्याला आत घेऊन गेली, भिंतीशी सतरंजीवर बसवलं, मांडीवर उशी ठेवली आणि उशीवर बाळ ठेवलं. त्यानं बोटं लांबच धरली. मग धीर करून मनगटाची आतली बाजू बाळाच्या गालाला लावली. तिथं अजून सगळं कळत होतं. गाल गरम होता आणि थोडा ओला. नात त्याच्याकडे बघत नव्हती, खिडकीकडे बघत होती. अर्धा तास तो तसाच बसला, पाय बधिर झाले तरी हलला नाही. बायको स्वयंपाकघरातून येताजाता बघत होती. ती अजून रागावलेली होती. जेवताना तिनं त्याला चमचा जाड मुठीचा दिला, पण वाढताना त्याच्याशी बोलली नाही, आणि बरोबर परत येण्याचा विषयही काढला नाही. लेकीला अजून दोन महिने तरी लागणार होते. तो एकटाच परत आला.

लांब्याची फाइल पुन्हा उघडली. त्याला तपासायला बोलावलं, आणि त्याचं दुखणं कामामुळंच झालं, असा दाखला मिळाला. हे गेजला डॉक्टरीणबाईकडून कळलं. लांब्या फाउंड्रीत येऊन गेला त्या दिवशी गेज कोठारात होता. लांब्या तिकडं फिरकला नाही.

पंधरा दिवस गेजनं वाट बघितली. कशाची, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मग एका गुरुवारी पाळी संपल्यावर तो लाँड्रीकडे वळला. मागचं दार तसंच उघडं होतं. टेबलाशी लांब्या होता आणि समोर एक बाई, त्याची रोजची जोडीदारीण. दोघांचे हात सरावानं चालत होते. टोकाला टोक, ताण, घडी. तिसऱ्या माणसाला करण्यासारखं तिथं काही नव्हतं. गेज दारात उभा राहिला. बाईनं त्याच्याकडे बघितलं आणि चादरी न्यायला आलेला कुणी असावा असं समजून परत मान खाली घातली.

बऱ्याच वेळानं तो जायला वळला.

"दाखला बायकोला दाखवला," लांब्या म्हणाला. तो चादरीकडेच बघत होता. "दोनदा वाचला तिनं."

गेज थांबला. आणखी काही येईल असं त्याला वाटलं. लांब्यानं ती घडी पुरी केली, ढिगावर ठेवली, पुढची चादर झटकली.

"मंगळवारी ही नसते," तो म्हणाला.

गेजनं बरं म्हटलं. बाहेर वारा सुटला होता. त्यानं दातांनी ओढून मोजे चढवले आणि सायकल घेतली. मंगळवारी लाँड्री आठला उघडते, अशी पाटी दारावर होती. ती त्यानं जाता जाता वाचून घेतली.